नववं मत

“साखर कमीच टाका, विहीणबाई. आज मी काही गोड बोलायला आलेलो नाही,” असं म्हणून अध्यक्ष स्वतःच मोठ्याने हसले.

सिस्टरांनी चमचा बरणीत तसाच ठेवला. मैदानावर हे गृहस्थ त्यांना चारचौघांसारखं ‘सिस्टर’च म्हणत. विहीणबाई हा शब्द त्यांच्या तोंडून क्वचित निघे, आणि निघाला की मागून काहीतरी मागणं यायचं. शिवाय आज ते एकटे नव्हते. सिस्टरांची मुलगी, म्हणजे अध्यक्षांची धाकटी सून, त्यांच्या मागून आत आली होती आणि भिंतीशी उभी होती. तिच्या हातात कपड्यांची बॅग होती.

“अगं, बस की,” सिस्टर म्हणाल्या.

मुलीने आधी सासऱ्यांकडे पाहिलं आणि मग ती खुर्चीच्या टोकावर टेकली.

“काही दिवस राहू दे तिला तुमच्याकडे,” अध्यक्ष म्हणाले. “नवरा कामावर बाहेरगावी. तिलाही करमत नाही. उद्याची सभा एकदा नीट पार पडली की येऊ आम्ही न्यायला.”

“आणि नीट पार नाही पडली तर?”

“असं कसं होईल? तुम्ही आहात ना तिथे.”

त्यांनी चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला, रुमालाने ओठ टिपले, चहाची तारीफ केली आणि जाताना दार हळूच, अगदी आवाज न करता ओढून घेतलं. आरडाओरडा करून गेले असते तर सिस्टरांना बरं वाटलं असतं.

सभा होती मंडळाच्या नावासाठी. वरची वसाहत आणि खालची वसाहत यांच्या मधोमध एक मैदान होतं, आणि संध्याकाळी व्हॉलीबॉल खेळणारी दोन हौशी मंडळं त्यावरून वर्षानुवर्षं एकमेकांच्या नावाने बोटं मोडत होती. शेवटी नगरपालिकेनेच सांगितलं, एक मैदान, एक मंडळ. जमत नसेल तर तिथे वाहनतळ होईल. वाहनतळाचं नाव काढल्यावर दोघांनाही एकदम शहाणपण सुचलं. एकत्र यायचं ठरलं, पैसे एकत्र झाले, जाळीसुद्धा एकच ठेवायची ठरली. घोडं अडलं ते नावावर. खालच्या मंडळाला, म्हणजे अध्यक्षांच्या मंडळाला, त्यांच्या दिवंगत वडिलांचं नाव होतं, आणि तेच पुढे चालवायचं असा त्यांचा हट्ट होता. वरचे म्हणत होते, कोरं नवीन नाव द्या, नाहीतर आमचा माणूस मैदानात पाय ठेवणार नाही. समितीत चार यांचे, चार त्यांचे. नवव्या सिस्टर.

त्यांना घेण्याचं कारण सोपं होतं. इस्पितळातून निवृत्त झाल्यापासून त्या रोज संध्याकाळी मैदानाच्या कडेला प्रथमोपचाराची पेटी घेऊन बसत, आणि दोन्ही वसाहतींतले मुरगळलेले घोटे त्यांच्याच हाताखालून जात, म्हणून अध्यक्षांशी सोयरीक असूनही वरच्यांना त्या चालल्या. समितीवर नाव आलं तेव्हा त्यांना मनातून गुदगुल्या झाल्या होत्या. आता ती गळ्यातली धोंड झाली होती.

सकाळी त्या भाजी आणायला निघाल्या तर वरच्या मंडळाचे प्रमुख, सगळे त्यांना फोटोवाले म्हणत, दुकानाची पायरी उतरून आडवे आले.

“अध्यक्षांच्या सूनबाई आल्यात म्हणे माहेरी. सभेच्या तोंडावर बरं सुचलं त्यांना.”

“लेक आहे माझी. येईल नाहीतर जाईल.”

“येऊ दे की. आमचा तुमच्यावर विश्वास आहे, सिस्टर.” फोटोवाल्यांनी हात जोडले. “सगळ्या वसाहतीचा आहे. तो मोडला तर लोकांना आवरणं माझ्या हातात नाही, एवढंच.”

भाजीवालीने न मागता कोथिंबीर घातली. ज्या बाईने वर्षभर ओळख दाखवली नव्हती, तिने तब्येत विचारली. इस्पितळात ज्याचं काही खरं नसे, त्याच्याशीच सगळे असे गोड वागत.

घरी मुलगी धुतलेली भांडी पुसत होती. आल्यापासून तिचं हेच चाललं होतं. स्वतःच्या आईच्या घरात तिने “पाणी घेऊ का?” म्हणून विचारलं होतं. पंखा लावायच्या आधीही विचारलं होतं. सिस्टरांनी आयुष्यभर लोकांची दुखणी ओळखली, आणि पोटच्या पोरीचं दुखणं वर्षभर नजरेआड केलं, याचा त्यांना संताप येत होता.

बाहेरच्या खोलीतून त्यांनी तिला नावाने हाक मारली. आतून उत्तर नाही. दुसऱ्यांदा मारली. भांड्यांचा आवाज चालूच. सासरी त्याच नावाची थोरली जाऊ आधीपासून होती. दोघींना एकच नाव असून कसं चालेल, म्हणून लग्नाच्या आठवड्यातच अध्यक्षांनी हिचं नाव बाजूला ठेवून हिला नुसतं ‘धाकटी’ केलं होतं. सिस्टरांनीही तेव्हा हसून मान डोलावली होती. आता त्यांनी जड तोंडाने तिसरी हाक मारली.

“धाकटे!”

“आले, आले,” म्हणत मुलगी ओल्या हातांनी धावत आली आणि दारात उभी राहिली. “काही चुकलं का?”

सिस्टरांना रडूच कोसळलं. मुलगी घाबरली. पुन्हा पुन्हा विचारू लागली. शेवटी आईचे डोळे पुसून ती खालच्या आवाजात म्हणाली, “आई, जुन्या नावाला हात वर कर आणि मोकळी हो. मामंजींना नाही ऐकायची सवय नाही.”

“मारतात?”

“नाही गं. मारत नाही कुणी. बोलत नाहीत. आठ-आठ दिवस घरातलं कुणीच बोलत नाही. मी समोर असले तरी नसल्यासारखी. मग एक दिवस मामंजी हाक मारतात आणि सगळे बोलायला लागतात.”

सिस्टरांच्या मनात हिशेब पक्का झाला. जुनं नाव राहिलं तर अध्यक्ष खुशीत येऊन पोरीला घेऊन जातील. नवीन नाव आलं तर रागावतील, आणि न्यायला येणार नाहीत. मग नकोच येऊ देत.

सभा मैदानालगतच्या पत्र्याच्या खोलीत झाली. वरच्यांनी ‘संध्याकाळ क्रीडा मंडळ’ असं नाव सुचवलं. कुणीतरी म्हणालं, हे म्हाताऱ्यांच्या बाकड्याचं नाव वाटतं, आणि थोडा हशा पिकला. अध्यक्ष उठले तेव्हा तो विरला.

“माझ्या वडिलांनी स्वतः फावडं मारून हे मैदान सपाट केलंय,” ते म्हणाले. “माणूस गेला. नाव तेवढं उरलंय. तेही पुसून टाकायचं म्हणता?”

त्यांचा आवाज खरोखर कापत होता. ढोंग नव्हतं ते. सिस्टरांना क्षणभर त्यांची कीव आली, आणि पाठोपाठ वाटलं, नाव गेलं की काय जातं हे या माणसाला इतकं पक्कं ठाऊक आहे तर.

चार हात इकडे, चार तिकडे. सगळ्यांच्या माना वळल्या. सिस्टरांनी नवीन नावासाठी हात वर केला.

टाळी वाजवली ती सगळ्यांत आधी अध्यक्षांनी. “अभिनंदन, सिस्टर,” म्हणाले, चपला घातल्या आणि निघून गेले. त्यांची माणसं खाली बघत राहिली. फोटोवाल्यांनी सिस्टरांना चहासाठी अडवून धरलं, दोनदा हात हातात घेतला. चहा अर्धा टाकून त्या जवळजवळ पळतच घरी निघाल्या.

दारात अध्यक्षांची गाडी उभी होती. ते स्वतः चालकाच्या जागेवर बसले होते. मुलगी बॅग घेऊन पायरीवर होती.

“निघते मी, आई.”

“आपलं माणूस आपल्या घरी बरं,” अध्यक्ष खिडकीतून म्हणाले. “सभेचा आणि याचा काय संबंध, विहीणबाई? मी काय सूड उगवणारा माणूस वाटलो तुम्हाला?”

सिस्टरांचा हिशेबच चुकला होता. केवढी मोठी चूक केली आपण! हा माणूस सोडून देईल असं कसं वाटलं आपल्याला? आपलं म्हटलेलं काहीच तो सोडणार नव्हता. सिस्टरांनी मुलीचा दंड धरला. “तुला जायचंय?”

“नाही गेले तर गाडी रोज दारात येऊन उभी राहील. तुला मैदानावर बसू देणार नाहीत.”

“मी ते विचारलं नाही.”

मुलीने दंड सोडवून घेतला आणि ती गाडीत जाऊन बसली. वॉर्डात असं पुष्कळदा झालेलं होतं. ऐकत नसलेल्या पेशंटला बांधून ठेवता येत नसे. पण त्याला एकटं सोडून चालत नसे, हेही सिस्टरांना चांगलं माहीत होतं. त्या आत गेल्या, गॅस बंद केला, दोन कपडे आणि औषधाच्या गोळ्या पिशवीत टाकल्या, दाराला कुलूप लावलं आणि गाडीचं मागचं दार उघडलं.

“सरक गं जरा.”

“हे काय, विहीणबाई?” अध्यक्षांचा आवाज पहिल्यांदाच चढला.

“लेकीचं सासर अजून राहून पाहिलेलंच नाही मी. आता येतेच आहे तर राहीन जरा.”

“किती दिवस?”

“बघू. मला गाडी लागते, ही काच खाली करा.”

आरशातून अध्यक्ष त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिले. आजूबाजूच्या दारांत माणसं जमू लागली होती. काच खाली आली.

खालच्या वसाहतीचा रस्ता अरुंद आहे. तिथे गाडी हळूच न्यावी लागते. मुलगी अंग आक्रसून बसली होती. सिस्टरांनी एका हाताने तिचा हात धरला आणि डोकं खिडकीबाहेर काढलं.

“काय रे, घोट्याची सूज उतरली का?” त्यांनी एका दारात उभ्या असलेल्या तरुणाला सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं. “उद्या दाखवून जा. मी अध्यक्षांच्या घरी आहे, तिथे ये. मी दिसले नाही, तर आत येऊन विचार.”