या वर्षातली आवडती नाणी

"हलू नका म्हटलं ना! सुई भुवईत आहे, डोळ्यात शिरायला कितीसा वेळ लागतो?" मामा ओरडले. पण तो गडी टाका अर्धवट सोडून उठला आणि लोंबत्या दोऱ्यासकट पलीकडच्या खाटेवर धावून गेला. तिथे त्याचाच धाकटा भाऊ कान दाबून बसला होता. दारात गाडी कुणी लावायची यावरून सकाळी धाकट्याने थोरल्याच्या कपाळात लोखंडी नळी हाणली होती आणि थोरल्याने धाकट्याच्या कानाचा लचका तोडला होता. मधला पडदा टरकन फाटला, औषधांचा ट्रे उलटा झाला. मामांनी थोरल्याची मानगूट धरली आणि त्याला परत खाटेवर आपटलं.

"आधी शिवून घ्या. मग बाहेर जाऊन खुशाल पुन्हा फाडा एकमेकांना. फक्त आज दुपारनंतर मी इथे नाही, तेवढं लक्षात ठेवा."

थोरला निमूट बसला आणि मामांनी उरलेले टाके घातले.

मामा कॅज्युअल्टीत ड्रेसर होते. बाटलीने फुटलेली डोकी, दारात चेंगरलेली बोटं, सुऱ्याने उघडलेली पोटं, जे येईल ते धुवायचं, शिवायचं, बांधायचं. डॉक्टरीणबाईंपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. दिवसभर माणसांनी माणसांचं जे केलं ते निस्तरायचं आणि घरी जाऊन जुनी नाणी भिंगाखाली घेऊन बसायचं, असा त्यांचा कित्येक वर्षांचा क्रम होता. बायको होती तोवर चिडवायची, "त्या नाण्यांना कुठे लागलेलं नाही ना, बघा बरं. नाहीतर त्यांनाही पट्टी बांधत बसाल."

गंमत अशी की मामांच्या नाण्यांना लागलेलंच असायचं. धडधाकट प्राचीन नाणं त्यांच्या पगारात बसण्यातलं नव्हतं. मग इतर संग्राहक ज्याकडे ढुंकून बघत नाहीत ते मामा उचलत. चांदी खरी की खोटी हे पाहायला कुणा सराफाने छिन्नी मारलेलं, नव्या राजाने जुन्या राजाचं तोंड ठेचून चालवलेलं, सुटे नाहीत म्हणून मधोमध तोडलेलं. आधी परवडतात म्हणून घेतली, मग त्यांच्यावर जीवच जडला.

आज संग्राहकांची वर्षाची बैठक होती. प्रत्येकाने वर्षभरात मिळालेली आपली लाडकी नाणी मांडायची आणि त्यांच्याबद्दल सांगायचं. मामा हातमोजे काढत होते तेवढ्यात दारातून हाक आली, "बाबा, जरा बाहेर येता?"

जावई होता. खोदकामावरचा मुकादम, उंचापुरा, छातीवरची बटणं नेहमी उघडी. त्याने खिशातून कागदाची पुडी काढली. "आज तुमची बैठक ना? म्हटलं, वेळेवर मिळायला हवं."

मामांनी पुडी उघडली आणि पाहतच राहिले. चांदीचं, अंगठ्याच्या नखाएवढं नाणं. राजाचं नाक सरळ, कानामागची बट न् बट मोजून घ्यावी. कुठे छिन्नी नाही, तडा नाही, खरवड नाही. असं नाणं त्यांनी फक्त दुसऱ्यांच्या डब्यात पाहिलं होतं.

"जावईबापू, अहो, हे... हे मला?"

"मग कुणाला? पाया खणताना निघालं." मुकादम हसला. हात पुढे करताना त्याच्या बोटांची पेरं दिसली, सोललेली, रक्ताळलेली.

"हे काय लागलं तुम्हाला?"

"साइटवर. दगड."

मामांनी त्याला आत नेलं, स्टुलावर बसवलं, एकेक पेर आयोडीनने पुसलं, त्यावर पट्टी बांधली. बांधता बांधता विचारलं, "पोर कशी आहे?"

"झोपलीये. डोकं दुखतंय म्हणाली. आज फोन नका करू, झोपू द्या तिला."

"बरं बरं," मामा म्हणाले. त्यांचं अर्धं लक्ष खिशातल्या पुडीकडे होतं. अर्धं कसलं, सगळंच.

बैठक एका शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत भरायची. अध्यक्ष मास्तर, त्यांच्या शेजारी बँकेतून निवृत्त झालेल्या बाई आणि चारदोन नेहमीची मंडळी. टेबलावर काळी मखमल अंथरलेली. किंमत सांगायची नाही, फुशारकी मारायची नाही, पण नाणं आपल्या हातात कसं आलं ते मात्र सांगायचंच, असा इथला रिवाज. मास्तर म्हणायचे, नाण्याचा जुना प्रवास आपल्याला कळणार नाही, निदान शेवटचा मुक्काम तरी खरा सांगा.

"या डॉक्टर," मास्तरांनी मामांना टोमणा मारला. "यंदा किती पेशंट आणलेत?"

मामांनी नाणी मांडली. नवं नाणं मुद्दाम शेवटी ठेवलं. सगळ्यांच्या माना आपोआप तिकडे वळल्या आणि मामांची छाती फुगली.

"आधी हे घ्या, छिन्नीचा घाव पडलेलं. वर्षाच्या सुरुवातीला मुलगी माझ्याकडे राहायला आली होती. मनगट मोडलं होतं तिचं. न्हाणीघरात पाय घसरला. जावईबापू तिला न्यायला आले ते हे घेऊनच. एका मजुराच्या मुठीत होतं म्हणे. पठ्ठ्या मूठ उघडेना, तर यांनी एकेक बोट पिरगाळून काढून घेतलं!"

एकदोघं हसले. मामाही हसले.

"मग हे ठेचलेल्या तोंडाचं. हे आलं तेव्हा पोरीची हनुवटी फाटली होती. कपाटाचं दार लागलं. टाके मीच घातले. मी दोरा कापतोय आणि जावईबापू हे माझ्यापुढे धरून म्हणतात, बाबा, याला शिवता येतंय का बघा! नंतर हे अर्धं. हे मिळालं तेव्हा तिच्या बरगड्या... जिन्यावरून..."

मामा थांबले. वाक्याचं पुढचं टोक त्यांना सापडेना. खोलीत कुणी हसत नव्हतं. मास्तरांनी चष्मा काढून पुसायला घेतला होता. खाली शिंप्याचं मशीन चालू होतं, तेवढाच आवाज.

बँकेतल्या बाईंनी शेवटच्या नाण्याकडे बोट केलं. "आणि हे कधी आलं?"

"हे? आज सकाळीच."

"आज सकाळी." बाईंनी बोट मागे घेतलं. "मग ती कशी आहे?"

मामांनी नाण्याकडे पाहिलं. इतकं चांगलं नाणं जावयाने आजवर कधीच दिलं नव्हतं.

मामांना आजवर काही ठाऊकच नव्हतं, असं कुणी समजू नये. मनगट पडल्यावर कसं मोडतं आणि पिरगाळल्यावर कसं मोडतं, हे ज्याला डोळे मिटून कळतं, त्याला ठाऊक नसेल कसं? 'न्हाणीघरात पडले' म्हणणाऱ्या दुसऱ्यांच्या लेकी आल्या की हेच मामा डॉक्टरीणबाईंना बाजूला घेऊन सांगत, "पडलेली नाही हो, मारलेली आहे." स्वतःच्या लेकीच्या वेळी मात्र ते डोळ्यांवर कातडं ओढून घेत. बरगड्या बांधून झाल्यावर ती एकदा म्हणाली होती, "बाबा, मला इथेच राहू द्या ना." तेव्हा मामा उत्तरले होते, "संसारात थोडं इकडेतिकडे होतंच गं. मनाने वाईट नाही तो. माझ्यासाठी बघ, किती लक्षात ठेवून आणतो." लेकीने त्यांच्या तळहातावरच्या अर्ध्या नाण्याकडे पाहिलं होतं आणि पुन्हा तो विषय काढला नव्हता.

मामांनी फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. पुन्हा लावला. मग ते उठले. खुर्ची मागे पडली, नाणी मखमलीवर तशीच राहिली.

"चला," बाई पर्स उचलत म्हणाल्या, "माझी गाडी खालीच आहे."

मुकादमाचं घर खोदकामाला लागूनच होतं, बैठं. ओसरीवर फावडी, घमेली, पहारी रचलेल्या. तो खुर्ची टाकून बसला होता. दाराला बाहेरून कुलूप होतं.

"या बाबा. आवडलं का सगळ्यांना?"

"दार उघडा."

"झोपलीये म्हणून सांगितलं ना."

"बाहेरून कुलूप लावून? किल्ली द्या जावईबापू."

"घरातलं घरात राहू द्या," तो शांतपणे म्हणाला. गाडीतून उतरणाऱ्या बाईंकडे त्याने मान वळवली. "बाहेरच्यांसमोर तमाशा नको."

मामांनी ढिगातली एक पहार उचलली आणि कुलपावर घातली. कुलूप वाजलं, तुटलं नाही. दुसरा घाव बसायच्या आत मुकादमाने त्यांना मागून कॉलरला धरून फिरवलं आणि तोंडावर ठोसा हाणला. सकाळी मामांनीच बांधलेली पट्टी त्यांच्या दातांवर आदळली. ते पायऱ्यांवर कोसळले. तोंड रक्ताने भरलं, जिभेवर दाताचा तुकडा आला. वरून बुटाची लाथ बरगडीत बसली, मग आणखी एक.

"आज आठवलं होय?" मुकादम प्रत्येक लाथेबरोबर बोलत होता. "एकदा तरी विचारलंत? दर वेळी हसत हसत घेतलंत! तुम्हाला सगळं ठाऊक होतं, म्हाताऱ्या, सगळं!"

लाथांपेक्षा हेच जास्त लागलं, कारण यातला शब्द न् शब्द खरा होता.

बाई ओरडत मध्ये आल्या. मुकादमाने त्यांना ढकलायला तोंड फिरवलं आणि तेवढ्यात मामांच्या हाताला पहार लागली. आयुष्यभर मोडकी हाडं हाताळलेला माणूस. कुठे मारलं की पाय उभा राहत नाही हे त्यांना विचारावं लागत नव्हतं. त्यांनी पडल्या पडल्याच त्याच्या गुडघ्यावर आडवी पहार हाणली. कडकन आवाज आला. मुकादम गुरासारखा ओरडत खाली आला. मामा धडपडत उठले आणि दोन्ही हातांनी पहार डोक्याच्या वर नेली.

त्याला मारून टाकायचंच होतं त्यांना. मुकादमाने डोकं दोन्ही हातांत लपवलं होतं आणि तो "बाबा, बाबा" करत होता.

आत काहीतरी पडलं. पातेलं असावं. पडलं, थोडं घरंगळलं, थांबलं. मग पुन्हा तोच आवाज आला, मुद्दाम केलेला.

मामांनी पहार वळवली ती कुलपावर. या वेळी कडीच उचकटून आली.

लेक स्वयंपाकघराच्या फरशीवर, कपाटाला पाठ टेकून बसली होती. बोलता येत नव्हतं म्हणून पायाने पातेलं ढकलत होती. जबडा एका बाजूला सरकलेला, खालचा ओठ उभा फाटलेला, एक डोळा मिटून सुजलेला. उपटलेल्या केसांचा झुबका तिच्या मांडीशी पडला होता. उघड्या डोळ्याने तिने बापाला पाहिलं, त्यांच्या हातातल्या पहारीला पाहिलं, रक्ताने भरलेल्या तोंडाला पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. उमटायला जागा नव्हती.

"बाळा," म्हणत मामा खाली बसले आणि त्यांनी हात पुढे केला. तिने तो धरला नाही. ती बाईंच्या खांद्याचा आधार घेऊन उठली.

कॅज्युअल्टीत त्यांना पाहून सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. डॉक्टरीणबाई धावत आल्या. "मामा, अहो, हे कुणी केलं?"

"जावयाने," मामा म्हणाले. "आधीचंही सगळं त्यानेच. मी शिवत होतो आणि मला माहीत होतं. पोलिसांना बोलवा. तो तिथेच पडलाय, गुडघा मोडून. तो मी मोडला, हेही सांगा."

डॉक्टरीणबाईंनी आयाला पोलिसांना फोन करायला पिटाळलं. त्यांनी लेकीचा जबडा तपासला, ऑपरेशनची तयारी सांगितली आणि म्हणाल्या, "तोवर ओठाचं रक्त थांबवायला हवं. मामा, लगेच टाके घाला."

मामांनी कोपरापर्यंत हात धुतले. स्वतःच्या तोंडातलं रक्त बेसिनमध्ये थुंकले, पुन्हा धुतले. हातमोजे चढवले, सुईत दोरा ओवला. एवढ्या बारीक दोऱ्याने, एवढे जवळजवळ टाके घालणारा हात त्या इस्पितळात दुसरा नव्हता. ते खाटेपाशी गेले, वाकले.

लेकीने त्यांचं मनगट धरलं. तिच्या पकडीत जोर नव्हता, पण ती सोडत नव्हती. मग तिने तो हात हळूच बाजूला केला आणि मान वळवून खाटेच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या शिकाऊ डॉक्टर मुलीकडे पाहिलं.

शिकाऊ डॉक्टर गोंधळली. "मामा... मी अजून ओठाचे टाके एकटीने..."

"तिला तू हवी आहेस," मामा म्हणाले. "घे. बाहेरची कड आधी जुळव, मग आत जा. घाई करू नकोस."

त्यांनी सुई तिच्या हातात दिली आणि ते पडद्याबाहेर आले. आया त्यांच्याकडे बघून म्हणाली, "मामा, तुमचंही तोंड फाटलंय की. बसा इथे, कुणाला तरी बोलावते."

"तिचं होऊ दे आधी."

आतून शिकाऊ डॉक्टरचा आवाज आला, "थोडं दुखेल हं, ताई." मग काहीच आवाज आला नाही. मामा कान देऊन ऐकत होते. सुई कुठे शिरत असेल, कुठून निघत असेल, गाठ कधी बसत असेल, ते सगळं त्यांना न बघता कळत होतं. पोरगी नवखी, टाके जरा लांब लांब पडणार, व्रण राहणार. एकदा त्यांचा हात पडद्यापर्यंत गेला. मग त्यांनी तो मागे घेतला आणि भिंतीशी, इतर नातेवाइकांच्या रांगेत, ते उभे राहिले.