फायबरचं ठिगळ

फायबरच्या होड्या दुरुस्त करण्यात अख्ख्या देवबागात माझा हात धरणारा कोणी नाही, हे मी स्वतःच सगळ्यांना सांगत असतो. त्यामुळे दोन हजार आठच्या दिवाळीआधी माझा भाचा विकी टेम्पोत वॉटर स्कूटर घालून माझ्या अंगणात आला, तेव्हा मला त्यात विशेष काही वाटलं नाही. पर्यटकांना फिरवायला त्याने ती गोव्याहून जुनी आणलेली. खडकावर घासून तिच्या तळाला वीतभर चीर गेली होती.

"मामानु, गोव्याचो मेकॅनिक म्हणता, ह्येचो तळ पिलास्टिकचो आसा. फायबर चलाचा नाय. आख्खो तळच बदलूक व्हयो," विकी म्हणाला.

"तो काल जल्माक इलो. माजी ठिगळां लावन होडये वेंगुर्ल्यापर्यंत जातत. तू गप चाय पी."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण आपण नेहमी दुसऱ्याच्या बैलाकडे बघून म्हणतो. मी चीर पॉलिशपेपरने घासली, चिकट रेझिनमध्ये ते सुकून घट्ट व्हावं म्हणून हार्डनर घातला, फायबरच्या मॅटचे तीन थर चढवले आणि वरून रंग मारला. दुसऱ्या दिवशी विकीने अर्धा तास खाडीत फिरवून पाहिली. थेंबभर पाणी आत आलं नाही. मी मिशीला पीळ दिला.

त्याच दुपारी विकीने स्कूटर कर्ली नदी समुद्राला मिळते त्या संगमाकडे काढली आणि मागे माझ्या मुलीला, दीपिकाला, केशरी लाइफ जॅकेट घालून बसवलं. ती सावंतवाडीला कॉलेजात, सुट्टीला घरी आलेली. समुद्राकाठी जन्मूनही तिला पोहता येत नाही. मी कधी शिकवलंच नाही.

मी ओटीवर चहा पीत होतो. माझी बायको हिरा अंगणात माझं प्लास्टिकचं घमेलं साफ करायला बसली. रेझिन मी नेहमी त्यातच कालवतो. तिने ते उपडं केलं, बुडावर एक थाप मारली, आणि कालचं सुकलेलं रेझिन अख्ख्या पापडासारखं खाली पडलं.

"ह्यां बरा आसा. घासूकच लागणा नाय," ती म्हणाली.

मी कप खाली ठेवला. वीस वर्षं मी प्लास्टिकचं घमेलं वापरतो ते एवढ्याचसाठी, की रेझिन प्लास्टिकला चिकटत नाही. नवीन पोरांना हे मीच शिकवतो. आणि तेच रेझिन मी प्लास्टिकच्या तळाला फासलं होतं! खाडीच्या संथ पाण्यात ते राहिलं. संगमावरच्या लाटांचे दणके बसले की सुटणार होतं.

विकीला फोन लावला. तो ओटीवरच वाजला. भिजेल म्हणून ठेवून गेला होता.

"काय झाला?" हिराने विचारलं.

"काय नाय," म्हणालो आणि धावत सुटलो. खरं सांगायला तोंड उघडेना.

संगमावर ओहोटी लागली होती. कर्लीचं पाणी ओहोटीला असं बाहेर ओढतं की पट्टीचा पोहणाराही काठाला लागत नाही. शेजारचा हरिश्चंद्र तिथे जाळं झाडत होता.

"विकी खंय गेलो?"

"भायर गेलो. बराच येळ आवाज येणा नाय."

आवाज येत नाही म्हणजे इंजिनात पाणी शिरलं. मी त्याचीच होडी ढकलली. तो शिव्या देत चढला. त्याचं इंजिन दोनदा फिसकटलं. रामेश्वराला मी काय काय कबूल केलं, ते आता मला आठवत नाही. माझे डोळे केशरी जॅकेट शोधत होते. दोनदा जाळ्याची तरंगती केशरी बोयरी दिसली आणि दोनदा जीव गेला.

मग ती दिसली. स्कूटर उलटी तरंगत होती. तळावरची चीर उघडी, ठिगळाचा पत्ता नाही. विकीने एका हाताने स्कूटर आणि दुसऱ्या हाताने दीपिकाच्या जॅकेटचा पट्टा धरला होता. दोघांना होडीत ओढून घेतलं. मी रडलो, लपवलं नाही.

हरिश्चंद्र विकीवर तुटून पडला. "परत खडकार घातलंस? डोळे फुटले तुजे? लोकाचा चेडू घेवन मरूक गेल्लंस?"

विकीने मान खाली घातली. "लागलो आसतलो खडक. माका कळूक नाय. चुकलंय, मामानु."

मला कोणीच काही विचारत नव्हतं. गप्प बसलो असतो तर गावात माझं नाव तसंच राहिलं असतं. खरं सांगतो, थोडा वेळ मी गप्प बसलोही.

तेवढ्यात दीपिका कुडकुडत म्हणाली, "त्येका बोला नको, काका. माका भंय वाटत होता, मी नायच म्हणत होतंय. मगे कळला, तळ बाबांनी दुरुस्त केलो. म्हणान बसलंय."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. "हरिश्चंद्रा, त्येका सोड," मी म्हणालो. "खडक-बिडक काय नाय. माजा ठिगळ सुटला."

हरिश्चंद्राने होडी काठाकडे वळवली. दीपिकाचं ओलं जॅकेट काढायला मी हात पुढे केला. तिने बक्कल घट्ट धरलं.

"ऱ्हवांदे, बाबा," ती म्हणाली. "काठार पोचल्यार काढतंय."