उघडाय लावलं न्हाई

निवडून आल्यावर नानासो गावच्या बिरोबाला आले, यात त्यांचा फायदा काय? मतं तर पेटीत पडून मोजूनही झाली होती. पण मुंबईत मंत्र्यांची नावं अजून ठरायची होती, आणि इस्लामपूरपासून सांगलीपर्यंत विरोधक एकच जुनी भानगड उगाळत होते. ती गावातच पुरली की लाल दिव्याची मोटार दारात. एवढा नफा दिसत असेल तर माणूस देवाला येतोच.

भानगड बहात्तरच्या दुष्काळातली. पाण्याची पाळी खालच्या वाडीची असताना कुणीतरी पाटाचं दार उघडलं आणि पाणी नानासोंच्या उसात शिरलं. वाडीची जनावरं तहानेनं गेली. नानासो तेव्हा सोसायटीचे चेअरमन. गाव देवळात जमलं, तसा त्यांनी बिरोबाचा भंडारा उचलला आणि म्हणाले, "म्या दार उघडलं न्हाई." भंडारा हातात धरून खोटं बोलायची आमच्याकडं कुणाची छाती नाही. मग उरला पाटावरचा राखणदार, आकाराम. त्याची नोकरी गेली, आणि 'पाणीचोर' हे नाव घरादाराला चिकटलं. तो गप्पच राहिला. असा गप्प राहणारा एक तर लय भोळा असतो, नाहीतर कुणाला तरी बांधलेला.

त्याची बायको बनुबाई मात्र गप्प बसणारी नव्हती. त्या नावापायी लेकीची, शालूची, ठरलेली सोयरीक मोडली होती. नाव पुसलं तरच पोर उजवता येणार होती.

सत्काराला बायका ओवाळायला पुढं झाल्या. बनुबाईच्या ताटात दिवा नव्हता, नुसता भंडारा होता.

"तवा तुमी म्हनला, दार उघडलं न्हाई. खरं हाय. तुमचा हात पाटाला लागलाच न्हाई," ती म्हणाली. "आता एवढंच म्हना, उघडाय लावलं न्हाई."

नानासोंनी ताटाकडं पाहिलं. हात काही धोतराच्या सोग्यातून निघेना. मग हसले. "वैनी, तिकडं मुंबैला शपथ घ्यायचीच हाय की. आमदार झालो म्हून काय दिसभर शपथाच खायाच्या व्हय?"

लोक हसले. जरा जास्तच हसले.

तेवढ्यात मागून आकाराम उठून आला. बायकोच्या ताटातला भंडारा त्यानं उचलला आणि म्हणाला, "दार म्याच उघडलं."

तेही खरंच होतं.

"कुनाच्या सांगन्यावरनं?" बनुबाईनं नवऱ्याला विचारलं. पण हलगी वाजायला लागली होती. वाजव म्हणून खूण कुणी केली, ते कुणी पाहिलं नाही म्हणे.

पाडव्याच्या आत नानासोंना मोटार मिळाली. आकाराम साखर कारखान्याच्या फाटकावर लागला. साहेबांची मोटार आली की दार उघडायचं काम. वाडीला पाण्याच्या टाकीचं आश्वासन मिळालं. शालूला लांब विट्याकडं बिजवराला दिली, कारण 'पाणीचोर' हे नाव तिथवर पोचलं नव्हतं. पाणी प्यायलं नानासोंच्या उसानं. भरून दिलं शालूनं, जी त्या दुष्काळात परकर नेसत होती आणि पाटाकडं कधी फिरकलीही नव्हती.