कॅचरच्या छातीवरचं कुंकू

“कुंकू कोणी लावलं याला?”

घरात आम्ही दोघंच, आणि कुंकू लावणारी मी एकटी. तरी नवऱ्याचा, श्रीरामचा, आपला प्रश्न!

काल दसरा होता. अमेरिकेत, पार्सिपनीत आल्यापासून दर दसऱ्याला मी घरातल्या कामाच्या वस्तूंची पूजा करते. गाडी, मिक्सर, लॅपटॉप आणि श्रीरामचे बेसबॉलचे फोटो. एके काळी इथे काळ्या खेळाडूंना मोठ्या संघांत घेत नसत. मग त्यांचे संघ तमाशाच्या फडासारखे खटारा बसमधून गावोगाव सामने खेळत फिरायचे. त्यांचे फोटो हा माणूस तीस वर्षं गोळा करतोय. एरवी मी प्लॅस्टिकच्या पाकिटावर बोट टेकवते. यंदा हा फोटो फ्रेमसाठी बाहेर काढलेला, त्यात माझं बोट ओलं. फोटोतल्या कॅचरच्या, म्हणजे बेसबॉलमधल्या यष्टिरक्षकाच्या, छातीवर लालभडक टिळा उमटला होता.

“आण, हळूच पुसते.”

“खबरदार! कापूस लावलास तर छातीच निघून येईल. नव्वद वर्षांचा कागद आहे तो, उत्तरा! अकराला त्या येणारेत. काय दाखवू आता?”

त्या म्हणजे डॉरिसबाई, या कॅचरची मुलगी. वय चौऱ्याऐंशी. त्या दोन वर्षांच्या असताना वडील गेले, पुढच्याच वर्षी घराला आग लागली आणि एकही फोटो उरला नाही. फोटोच्या मागे पेन्सिलीनं लिहिलेल्या नावावरून श्रीरामनं चर्चेसना फोन करकरून चार वर्षांनी त्यांना शोधलं होतं. वडिलांचा चेहरा त्या आज पहिल्यांदा बघणार होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अकराच्या ठोक्याला बाई आल्या. “माय मिस्टेक,” म्हणत मीच फोटो पुढे ठेवला.

त्यांचं कुंकवाकडे लक्षच नव्हतं. फोटोवर वाकून स्वतःचा कान चाचपत त्या इंग्रजीत म्हणाल्या, “कान माझेच आहेत.” मग विचारलं, “हे लाल काय?”

“जे आपल्यासाठी राबतं, त्याला आम्ही वर्षातून एकदा हे लावतो. नमस्कार करतो.”

“माझे वडील तुमच्यासाठी काय राबले?”

आता आली का पंचाईत! मी श्रीरामकडे बघितलं. तो खाली बघत बोलायला लागला.

“एक्याण्णव साली, लग्न झाल्या झाल्या, मी इथे एकटा पुढे आलो. तीन घरमालकांनी माझं तोंड बघून खोली गेली म्हणून सांगितलं. परतीचं तिकीट काढणार होतो. त्याच आठवड्यात जुन्या बाजारात असाच एक फोटो दिसला. गावात खोली देत नाहीत म्हणून माणसं बसमध्येच मुक्काम करतायत, आणि खदाखदा हसतायत! म्हटलं, हे हसू शकतात, तर मी राहून बघतो. म्हणून राहिलो.”

चौतीस वर्षांच्या संसारात हे मला ठाऊक नव्हतं. त्या बसमधल्या माणसांचे उपकार माझ्यावरही होते, आणि मला वाटत होतं याला नुसता नाद आहे.

“माझ्या वडिलांवर लोक बाटल्या फेकायचे, असं आई सांगायची,” डॉरिसबाई म्हणाल्या. “पुसू नका ते. तो नमस्कार मला बघायचाय. कसा करता?”

श्रीरामनं दुखरा गुडघा सावरत टेबलाशी वाकून फोटोपुढे डोकं टेकवलं. डॉरिसबाई काठीवर भार देऊन उठल्या, आणि तो वर होईपर्यंत ताठ उभ्या राहिल्या.