फुलपाखराचे स्वप्न आणि मी

मित्रांनो, मी एक जुना रेडिओ आहे. आता माझा घसा बसला आहे आणि एका बाजूचे लाकूड वाळवीने खाल्ले आहे. पण एके काळी ब्राझीलमधल्या पराग्वासू नदीकाठी, आमच्या गल्लीत, माझ्या आवाजाशिवाय दुपार कलत नसे.

साओ पावलोच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. एका मुलीने माझ्या पोटात काचेचे दिवे बसवले. मी पहिल्यांदा खरखरलो, तेव्हा ती दचकली आणि मग हसली. पुढे ट्रकने, बोटीने हेलकावे खात मी झुल्मिराच्या लग्नात आहेर म्हणून पोचलो. तिचा नवरा अनिसियो आपल्या होडीतून माणसे पैलतीरी नेई. झुल्मिरा कसाव्याच्या पिठाची धिरडी विकी. त्यांची लेक लिंदाल्वा माझ्या जाळीला कान लावून बसे आणि विचारी, "आई, आतली माणसं जेवतात कधी?"

सातव्या वर्षी ती तापाने गेली. त्यानंतर कितीतरी दिवस माझे बटण कुणी फिरवले नाही.

पुन्हा फिरवले ते अनिसियोने, जनावरांच्या खेळासाठी. मगरीपासून फुलपाखरापर्यंत पंचवीस जनावरे, रोज दुपारी सोडतीत त्यांतले एक निघे, आणि त्याच्यावर पैसे लावणारा जिंके. हा खेळ कायद्यात बसत नव्हता, पण चिठ्ठ्या लिहिणारा माणूस आमच्या कोपऱ्यावर स्टूल टाकून खुशाल बसत होता. कोणते जनावर लावायचे, ते लोक स्वप्नावरून ठरवत. रोज सकाळी व्हाल्दोमिरो नावाचा निवेदक माझ्या तोंडून, मधात बुडवलेल्या आवाजात, स्वप्नांचे अर्थ सांगे. नदीवरचे धुके अजून दारात रेंगाळत असे. उंबऱ्याउंबऱ्यावर माणसे अर्धवट मिटल्या डोळ्यांनी एकमेकांना आपली स्वप्ने सांगत. साऱ्या गल्लीला अजून जाग यायची आहे, असेच मला वाटे.

अशाच एका सकाळी झुल्मिरा म्हणाली, "लिंदाल्वा आली होती. नदीत पाय सोडून बसली होती."

"नदीत? म्हणजे मगर!" अनिसियो उठलाच.

"तुला पोर नाही दिसली? मगर दिसली?"

पण तो केव्हाच कोपऱ्यावर पोचला होता.

तेव्हापासून झुल्मिरा खरी स्वप्ने लपवू लागली. त्याने फारच पिच्छा पुरवला की काहीतरी ठोकून देई. कधी कोंबडा, कधी उंट. एकदा तव्यावर धिरडे करपत असताना ती वैतागून म्हणाली, "फुलपाखरू! पिवळं! झालं समाधान?"

अनिसियोने तेच लावले, आणि त्या दुपारी नेमके फुलपाखरू निघाले!

दुसऱ्याच दिवशी व्हाल्दोमिरो माइक घेऊन घरी आला. "श्रोतेहो, अशी स्वप्नं बघणारी बायको देव सगळ्यांना देवो!" ही मुलाखत आठवडाभर माझ्यातून वाजत राहिली. मीही फुगून गेलो होतो, खोटे कशाला बोलू? धिरडी घ्यायला येणारे आता आधी स्वप्न मागू लागले. "सांग की गं, एवढी काय भाव खातेस!" कधी चिठ्ठी न लावणारेही लावू लागले. अनिसियोचा हात तर फारच सैल सुटला. पावसाळा सरता सरता त्या खेळापायी त्याची होडी गेली. त्या दिवशी माइक घेऊन कोणी आले नाही.

शनिवारी श्रोत्यांना माइकवर बोलायला रेडिओ केंद्रावर बोलावत. झुल्मिरा कुणाला न सांगता गेली. घरात अनिसियो माझ्यासमोर एकटाच बसला होता, आणि अचानक माझ्यातून तिचा आवाज आला.

"अरे वा, फुलपाखरूवाल्या झुल्मिराबाई!" व्हाल्दोमिरो म्हणाला. "आज कुठलं स्वप्न आणलंत?"

"स्वप्न नाही, खरं आणलंय. ते फुलपाखरू मला दिसलंच नव्हतं. नवऱ्याला मारलेली थाप होती. तुम्ही ती गावभर वाजवलीत. आमची होडी गेली, ते कधी वाजवणार?"

क्षणभर मी नुसता खरखरलो.

"ताई, हरल्याची बातमी होत नसते. हरतात तर सगळेच..." असे म्हणत त्याने घाईघाईने नाचाचे गाणे लावले. मित्रांनो, ते गाणे मलाच गावे लागले. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

अनिसियोने मला बंद केले. झुल्मिरा परतली, तेव्हा तो तिथेच बसला होता. ती ओरडा खायच्या तयारीनेच आत आली.

"मग खरं काय बघतेस तू?" त्याने विचारले.

"रोज तेच. ती काठावर बसते. केस ओले असतात. म्हणते, वेणी घाल."

"मग?"

"घालते."

आता हा जनावर विचारणार, असे मला वाटले. पण तो हळूच म्हणाला, "माझ्याबद्दल काही विचारते का गं?"

झुल्मिरा त्याच्याजवळ जमिनीवर बसली. पीठ भिजवायचे त्या दिवशी राहूनच गेले.

खेळ काही थांबला नाही. सोमवारी गल्लीतले चार जण 'थाप' म्हणजे कोणते जनावर, यावर हमरीतुमरीवर आले होते! अनिसियो मात्र दुसऱ्याच्या होडीवर वल्ही मारायला जाऊ लागला. कोपरा टाळून, लांबच्या वाटेने.

मित्रांनो, माझ्यासारख्या एखाद्या पेटीतून जिंकणाऱ्याचा जयजयकार ऐकू आला, तर जरा थांबा. हरलेल्यांना आम्ही बोलावलेलेच नसते. आणि घरात कुणी तुम्हाला आपले स्वप्न सांगू लागले, तर आमचा आवाज खुशाल बंद करा. आम्हाला राग येत नाही.