पट्टी आणि तक्ता

वर्षाराणीने मोजपट्टी तिसऱ्यांदा माशांच्या टाकीच्या काचेला लावली. लांबी साठ, रुंदी तीस, उंची तीस. उत्तर पुन्हा तेच : चोपन्न लिटर. तिने वही टीपॉयवर आपटली.

मागच्या महिन्यात याच चोपन्नावर ती फसली होती. हैदराबादहून मागवलेल्या दोन नारिंगी समुद्री माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले, तेव्हा बाटलीवर लिटरमागे छापलेले थेंब तिने एकेक करून मोजून टाकले. सकाळी दोन्ही मासे वाळूवर आडवे. "ताई, डोस जास्त झाला. टाकीत तेवढं पाणीच नसणार," दुकानदार फोनवर म्हणाला. आठवीला गणित शिकवणाऱ्या बाईला हे स्टाफरूममध्ये उभं राहून ऐकून घ्यावं लागलं होतं.

आता टाकी धुऊन झाली होती, वाळू अंथरून वर दगड रचले होते. मिठाचं पाणी बादल्यांत कालवून तयार होतं. अडलं होतं ते या आकड्यापाशी.

"गाळ धरला का?"

खिडकीजवळच्या खुर्चीतून सासरे बोलले. व्यंकटी त्यांचं नाव; मुखेडकडच्या एका तलावावर एकतीस वर्षं पाण्याची पातळी नोंदवून निवृत्त झालेले. सासूबाई गेल्यापासून लातुरात मुलाकडे राहत होते. दिवसदिवस बोलत नसत, आणि बोलले की हे असलं.

"गाळ नाही मामा. नवी वाळू आहे, धुतलेली."

"त्येच म्हणून राहिलो. वाळूनं जागा खाल्ली, दगडानं खाल्ली. काचंची जाडी हाय. वरची चार बोटं तू भरतच न्हाईस. तुझं चोपन्न रिकाम्या डब्याचं हाय."

वर्षाराणीचे कान तापले. इतकं साधं. पण लगेच दुसरंच काहीतरी तिच्या ध्यानात आलं आणि ती वळली.

"मी औषध टाकत होते तेव्हा तुम्ही इथंच बसला होतात."

"हाव."

"तेव्हाही कळत होतं तुम्हाला?"

व्यंकटींनी गुडघ्यावरचा टॉवेल उचलून पुन्हा गुडघ्यावरच ठेवला.

"हाव."

"मग बोलला का नाहीत?" तिचा आवाज चढला. "मी पंधरा दिवस स्वतःला शिव्या देतेय!"

"सवय," ते म्हणाले. मग टाकीकडे बघत पुढे बोलले.

"तलाव बांधला तवा पाटबंधारे खात्यानं तक्ता करून दिलता. पट्टीवर इतके फूट, म्हंजी इतकं पाणी. वर्साला गाळ येत गेला, तक्ता त्योच. मी पट्टी वाचायचो आन् तक्त्यातलं लिहायचो. काठी घातली की कमरंइतका गाळ लागायचा. एका साली माझ्या आकड्यावर साहेबानं दोन गावांला सांगितलं, मेअखेर पुरंल. एप्रिलातच चिखल लागला. कुणी इचारलं न्हाई. मी सांगितलं न्हाई."

वर्षाराणीचा राग गेला नव्हता. मासे तर गेलेच होते. ती स्वयंपाकघरात गेली आणि दुधाचं लिटरचं माप घेऊन आली.

"मी ओतते. तुम्ही मोजा," ती म्हणाली. आवाजातला तुटकपणा तिला लपवता आला नाही.

त्यांनी खुर्ची टाकीजवळ ओढली. ती दगडावर हळू धार धरी. माप रिकामं झालं की ते मोठ्याने आकडा म्हणत. विसाव्या मापाला तिचं मनगट भरून आलं. तिसाव्याला उडालेल्या पाण्यानं त्यांचा सदरा भिजला तरी ते मागे सरले नाहीत. छत्तिसावं माप जेमतेम पावभर रिकामं झालं आणि पाणी काठाखालच्या चार बोटांच्या खुणेला लागलं.

"छत्तीस लिहिते," ती म्हणाली.

"थांब."

व्यंकटींनी माप तिच्या हातातून घेतलं, चष्मा कपाळावर सारून डोळ्याशी नेलं. मग वही ओढून स्वतःच लिहिलं : सव्वापस्तीस. अक्षर अजून वळणदार होतं. खाली तारीख घातली. पेन मात्र त्यांनी परत दिलं नाही.

"वर्षा," मान वर न करता ते म्हणाले, "खात्याला पत्र लिहायचं तर आता कुणाच्या नावानं लिहित्यात?"

"कसलं पत्र, मामा?"

"अजून त्योच तक्ता हाय तिथं."