कडूत गुलाब

दादा आला तोच तोंड लांब करून. दारातच त्याने बाबांच्या चपलांकडे पाहिलं, मग गॅसच्या बटणांकडे, मग छताकडे. घर विकत घ्यायला आलेला माणूससुद्धा इतकं निरखत नाही. स्वारी पाणी जोखायला आलीय, हे मी ओळखलं.

त्याने बाबांसाठी वृद्धनिवासात खोली बघून ठेवली होती. बाबांचे हात थरथरतात आणि ते एकटे राहतात, हे त्याचं म्हणणं. मी दोन गल्ल्या सोडून राहते, रोज येते, ते जमेलाच धरायचं नाही. "रविवारी येऊन बघतो. सगळं नीट दिसलं तर पुन्हा विषय काढणार नाही," असं तो मला फोनवर म्हणाला होता. म्हणजे बाबांची परीक्षा, आणि परीक्षक कोण, तर ज्याला स्वतःचा चष्मा सापडत नाही तो!

मी बाबांना सगळं सांगून टाकलं. ते एवढंच म्हणाले, "मग आपला नेहमीचा ग्लास करू."

बाबांनी सगळी नोकरी एका हॉटेलच्या बारच्या काउंटरमागे उभं राहून केली. घरी मात्र रविवारी जेवणाआधी एकच कॉकटेल: जिन, लाल कडू मद्य आणि व्हर्मूथ, म्हणजे मसाल्याची गोडसर वाइन. तिन्ही सारख्या मापाने घ्यायची, बर्फात ढवळायची, वर संत्र्याची साल पिळायची. ढवळण्यात त्यांची सगळी ऐट. चमच्याची पाठ काचेला चिकटून फिरली पाहिजे. बर्फ वाजला तर तो बारवाला कसला, असं ते म्हणायचे.

त्या संध्याकाळी बर्फ वाजला. चांगला खळखळून वाजला. दादाने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

दादाने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "बाबा, हे गोडमिट्ट झालंय. आणि साबणासारखा वास येतोय."

मी चाखलं. गुलाब! बाल्कनीतल्या गुलाबांचा पाक मी करून ठेवला होता, आणि तो भरला होता व्हर्मूथच्या रिकाम्या बाटलीत. लेबलसुद्धा काढलं नव्हतं. अक्कल गहाण टाकली होती मी.

"तसंच करायचं होतं," मी म्हणाले. "नवा प्रकार आहे. मीच सांगितलं बाबांना."

"थापा मारू नकोस."

"बरं, मग खरं ऐक. चुकीच्या बाटलीत पाक मी भरला. वहिनीने साखरेच्या डब्यात मीठ भरलं आणि तू ते चहात घातलंस, तर तुलाही निवासात टाकायचं का?"

"दोघं गप्प बसा," बाबा म्हणाले. लहानपणी आम्ही भांडायचो तेव्हाचाच आवाज. "लेबलवर विसंबायचं नसतं. बूच काढायचं, वास घ्यायचा, मग ओतायचं. मी वास घेतला नाही. हात थरथरताना दिसू नये, सगळं लक्ष तिकडेच. चूक माझी आहे."

मला रडू आलं आणि संतापही. मी इथे जिवाचा आटापिटा करतेय आणि हा माणूस आपण होऊन चूक कबूल करतोय! दादाचा आवाज मऊ झाला. "मी तरी दुसरं काय म्हणतोय, बाबा? म्हणूनच ती खोली..."

"थांब. माझं झालेलं नाही."

त्यांनी नवा ग्लास घेतला. खरी व्हर्मूथची बाटली शोधून नाकाला लावली, ओतली. जिन ओतली, कडू मद्य जरा जास्तच. पाक फक्त चमचाभर. मग बाल्कनीत गेले आणि गुलाबाच्या दोन पाकळ्या घेऊन आले. पाकळीच्या बुडाचा पांढरा भाग कडू असतो, पाक करताना मी तो कापून टाकते. मी कात्री घेऊन उठले.

"राहू दे," ते म्हणाले. "इथे तोच हवाय."

ढवळायला लागले तसा बर्फ पुन्हा वाजायला लागला. दादाने ग्लास धरायला हात पुढे केला.

"हात काढ. वाजू दे."

दादाने हात मागे घेतला. बाबा आता लपवत नव्हते. अर्धा थेंब टेबलावर, अर्धा बाहीवर, आणि ते मजेत ढवळत होते. काच धुरकट झाली तसं त्यांनी ते दुसऱ्या ग्लासात गाळलं, पाकळ्या वर सोडल्या आणि ग्लास दादापुढे सरकवला.

दादा प्यायला. थांबला. पुन्हा प्यायला. मग ग्लास माझ्याकडे आला. आधी चांगलं कडू लागलं, मधेच गुलाब आला, आणि तो गोड व्हायच्या आत पुन्हा कडू. इतकं छान बाबांनी कधीच केलं नव्हतं, आणि मी ते मोठ्याने म्हटलंही.

"त्या खोलीत मला बाटल्या ठेवता येतील?" बाबांनी दादाला विचारलं.

"नाही. तिथे चालत नाही."

"सुरी? शेगडी?"

"सगळं ते लोकच करतात, बाबा. तुम्हाला कशालाच हात लावावा लागणार नाही."

"मग तिथे मी चुकणार कसा?"

दादाने स्वतःच्या बाहीचं बटण काढलं, बाही वर केली आणि टेबलावर सांडलेलं फडक्याने पुसून घेतलं. मग रिकामा ग्लास बाबांपुढे ठेवला.

"अजून एक करा," तो म्हणाला. "मी धरणार नाही."